बिनसातबाऱ्याचं फूल

मराठी माणसाला फुलांचं वेड आहे यात वाद नाही; पण ते वेड हाताचं आहे, डोळ्यांचं नाही. फूल दिसलं की ते कुठे जाणार हे आपल्या मनात आधीच ठरलेलं असतं. जास्वंद गणपतीला, मंजिऱ्या विठोबाला, बेलाबरोबर पांढरं फूल शंकराला, झेंडू तोरणाला आणि उरलाच तर गाडीच्या बॉनेटवर. मोगरा, अबोली, बकुळ केसांत. पारिजातक परडीत. गुलाब तेवढा उधळ्या. तो गुलकंदात जातो, शेरवानीवर जातो आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कॉलेजच्या कट्ट्यावरही जातो. सदाफुलीला कुणी विचारत नव्हतं, तर तिला मधुमेहावर लावून मोकळे झाले. फुकट उमलणारं फूल आपल्याला बघवत नाही.

पुण्यात पहाटे साडेपाचला बाहेर पडून बघा. कानटोपी घातलेली, पायांत पांढरे बूट असलेली, हातात टोकाला आकडा बांधलेली काठी आणि दुसऱ्या हातात कापडी पिशवी अशी सज्जन मंडळी सोसायट्यांच्या कुंपणांशी उभी दिसतील. एरवी दुसऱ्याच्या पेपरलाही हात न लावणारी ही माणसं शेजाऱ्याची तगर बिनदिक्कत ओरबाडतात. ‘देवाला हवीत’ म्हटलं की प्रश्न मिटला. चोरी आपली, पुण्यही आपलं आणि हिशेब देवाच्या खात्यावर. घरमालकानं पाहिलंच तर तो बाल्कनीतून फक्त खाकरतो, कारण तासाभरापूर्वी तो पुढच्या गल्लीत जाऊन आलेला असतो.

या सगळ्या व्यवहारात ऑर्किडची पंचाईत होते. आमरी असं गोड मराठी नाव असूनही ती कुणाच्या आरतीत नाही, ओव्यांत नाही, रुखवतात नाही. हारवाल्याकडे मागितली तर तो बुकेवाल्याकडे बोट दाखवतो. आणि बुकेतली ती जांभळी काडी म्हणजे थायलंडहून विमानानं आलेलं डेंड्रोबियम. सत्कारमूर्तीच्या हातून ते दोन मिनिटांत खुर्चीखाली जातं.

पुण्यात ऑर्किड जवळून बघायचं तर एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन गाठावं. बाग चालवणारी अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया १८३० सालची, म्हणजे पुण्यातल्या बहुतेक अभिमानास्पद संस्थांपेक्षा जुनी. प्रदर्शन दरवर्षी प्रजासत्ताक दिनाच्या आसपास भरतं. पंचांगानुसार तो शिशिर असतो. पण पुणेकर त्यालाच वसंत मानून घेतात, कारण खरा वसंत येतो तेव्हा पारा चाळिशीला टेकलेला असतो आणि मांडायला फुलंच उरलेली नसतात.

मी आत्याला घेऊन गेलो होतो. आत्याचं वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे एकोणनव्वदचे आणि मतं सतराशे सालची. गुलाबांपाशी ती खुशीत होती. शेवंतीपाशी तिनं भाव विचारला. बोन्सायपाशी ‘वाढू का देत नाहीत बिचाऱ्याला?’ म्हणून हळहळली. मग आम्ही ऑर्किडच्या टेबलाशी आलो. पांढऱ्या, गुलाबी, पिवळ्या फॅलेनॉप्सिसच्या कुंड्या ओळीनं मांडलेल्या. एकेका वाकलेल्या दांड्यावर आठ-दहा फुलं, सगळी एकाच दिशेला तोंड करून, फोटोसाठी उभ्या असलेल्या वऱ्हाडासारखी.

आत्यानं वाकून वास घेतला. ‘ह्याला वास कसा नाही?’

‘ह्या जातीला नसतो.’

‘देवाला चालतं?’

‘माहीत नाही. कुठे लिहिलेलं नसणार.’

‘केसात माळता येतं?’

‘जड होईल.’

‘टिकतं किती?’

इथे मी जरा छाती पुढे काढली. ‘दोन महिने. कधी तीनसुद्धा.’

आत्याचा चेहरा उतरला. ‘तीन महिने? मग निर्माल्य कधी व्हायचं त्याचं?’

मी गप्प झालो. संध्याकाळी जे कोमेजत नाही त्याला आपण फूल म्हणायला तयार नसतो. उद्याचं ताजं फूल उद्या आणायचं, या नियमावर आपली सगळी पूजा उभी आहे आणि सगळी फुलमंडईही.

‘आठशे रुपये,’ आत्यानं चिठ्ठी वाचली. ‘आणि करायचं काय ह्याचं? नुसतं बघायचं?’

‘हो. नुसतं बघायचं.’

‘मग इथे बघितलंच की,’ असं म्हणून ती मक्याच्या कणसाच्या दिशेनं निघाली.

तिचं सोडा. मी त्या टेबलाशी थोडा वेळ थांबलो, तेव्हा येणारा दर दुसरा माणूस पाकळी चिमटीत धरून बघत होता. फूल खरं की प्लास्टिकचं, ही शंका. त्यात लोकांची चूक नाही. गेली काही वर्षं आपण ऑर्किड पाहिलंय ते बिल्डरच्या सँपल फ्लॅटमध्ये, काचेच्या टीपॉयवर, आणि ते नेमानं खोटंच असतं. खऱ्या फुलानं इतकं नीटनेटकं असावं हेच लोकांना खटकतं. मालक मात्र ‘हात नको, हात नको’ करत टेबलाभोवती घिरट्या घालत होता.

या कुंडीतल्या फुलामागची खटपट कळली तर आठशे रुपये जास्त वाटत नाहीत. आमरीचं बी म्हणजे निव्वळ धूळ. एका बोंडात हजारो, काही जातींत लाखो बिया; पण एकीजवळही शिदोरी नाही. गव्हाच्या दाण्यात कोंबाला पुरेल एवढं अन्न असतं, आमरीच्या बीजात ते नसतंच. योग्य जातीची बुरशी येऊन तिला पोसेल तरच ती रुजते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या श्रीमंतांना ऑर्किडचं खूळ लागलं तेव्हा ही गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती. बी रुजेना, म्हणून त्यांचे दलाल दक्षिण अमेरिकेत आणि आशियात जाऊन रानंच्या रानं साफ करत. वरच्या आमरीसाठी आख्खी झाडं तोडत. पुढे १९२२ साली लुईस नुडसन या अमेरिकी शास्त्रज्ञानं साखर आणि क्षार घातलेल्या आगरवर, बुरशीच्या मदतीशिवाय, काचेच्या नळीत बी रुजवून दाखवलं. तेव्हापासून ऑर्किड बाटलीत जन्माला येऊ लागलं, तैवान-नेदरलँडमध्ये त्याचे कारखाने उभे राहिले आणि राजेरजवाड्यांचं फूल दंतवैद्याच्या स्वागतकक्षात येऊन बसलं.

आत्याला ‘नुसतं बघायचं’ हे पटलं नाही. मंडपात ते पटवून देणं मलाही जमलं नसतं. त्यासाठी मुळशीला जायला हवं.

मुळशी तालुक्याची एक गंमत आहे. त्याच्या एका टोकाला हिंजवडी आणि दुसऱ्या टोकाला ताम्हिणी. हिंजवडीच्या कंपन्यांत स्वागताच्या टेबलावर फॅलेनॉप्सिस ठेवलेलं असतं. ते मरायला टेकलं की कुंड्यांचा ठेकेदार येऊन दुसरं ठेवतो. ताम्हिणीत त्याच कुळातली मंडळी आंब्या-जांभळाच्या फांद्यांवर पिढ्यान्‌पिढ्या बसून आहेत आणि त्यांना कुणी ठेवलेलं नाही. तालुका एक, तहसीलदार एक. मधलं अंतर मात्र दिवसभराच्या ट्रॅफिकएवढं.

चांदणी चौक ओलांडून भूगाव, पिरंगुट, पौड असं निघालं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जमिनीचीच भाषा सुरू होते. एनए प्लॉट. क्लिअर टायटल. लेक व्ह्यू. ‘सातबारा तुमच्या नावावर, स्वप्न आमच्याकडून.’ चहाच्या टपरीवर गुंठ्यांच्या खाली कुणी बोलत नाही. या तालुक्यानं जमिनीपायी जे भोगलं ते थोडं नाही. १९२१ च्या रामनवमीला इथे टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला, पांडुरंग महादेव बापट त्यात उतरले आणि ‘सेनापती’ झाले. धरण तरीही झालं, वीज मुंबईला गेली आणि पाण्याखाली गेलेल्या शिवारांचे सातबारे तेवढे लोकांच्या बोलण्यात उरले. पुढे शंभर वर्षांनी पुन्हा जमीनच. ती विकून आलेल्या पैशाचं काय झालं हे सांगणारा ‘मुळशी पॅटर्न’ हा सिनेमा २०१८ साली आला आणि तालुक्याचं नाव महाराष्ट्रभर झालं, जरा वेगळ्याच कारणानं.

आणि अशा तालुक्यात आमरी राहते जमिनीशिवाय. तिला गुंठाही नको. झाडाच्या सालीवर मुळं चिकटवायची आणि हवेतलं दव, पावसाचं पाणी, सालीच्या खाचेत साचलेला पालापाचोळा एवढ्यावर गुजराण करायची. मुळं जाड, चंदेरी-पांढरी. ती कोरडी असताना मेल्यासारखी दिसतात, पण त्यांच्यावर चार थेंब शिंपडा. काही क्षणांत चंदेरी रंग जाऊन आतला हिरवा वर येतो. मुळावरचं ते पांढरं आवरण टीपकागदाचं काम करतं. पुण्यात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. साठेक किलोमीटरवरच्या ताम्हिणीत तो पाच-सहा हजारांच्याही पुढे जातो. पण तो सगळा चार महिन्यांत कोसळतो आणि उरलेले आठ महिने वाळवण. म्हणून इथल्या आमरीला दोन्ही कला येतात, भिजायची आणि तहानेची.

प्रदर्शनाची वेळ इथे ठरलेली असते, पण ती निमंत्रणपत्रिकेवर छापत नाहीत. माघ-फाल्गुनात, झाडं उघडी पडत असताना, एक डेंड्रोबियम फुलतं. शास्त्रीय नाव बार्बाट्युलम. त्याच्या काड्यांवर त्या वेळी पान औषधालाही नसतं. सुकलेल्या, सुरकुतलेल्या, बोटभर-वीतभर काड्यांचा एक जुडगा फांदीवर दिसतो. वाटतं, कावळ्यानं घरटं अर्धवट सोडलंय. आणि त्याच काड्यांच्या टोकांना पांढऱ्याशुभ्र फुलांचे घोस. खालच्या एखाद्या फांदीवर सापडलं तर भिंग घेऊन बघावं. पांढऱ्यात अगदी पुसटशी गुलाबी झाक, मधल्या ओठाच्या बुडाशी बारीक लव, आणि मागच्या बाजूला हनुवटीसारखा एक फुगवटा. तो मधला ओठ म्हणजे किड्याला उतरायची जागा. कळी असताना हा ओठ वरच्या बाजूला असतो. उमलता उमलता फुलाचा देठ पीळ खातो आणि ओठ खाली येतो, म्हणजे पाहुण्याला सोयीचं पडावं. एवढं आतिथ्य सदाशिव पेठेत मी पाहिलेलं नाही.

चैत्र-वैशाखात लुइसिया आणि छोटे वँडा येतात. ते शोधायला नजर लागते. रंग मातकट, फुलं बारीक, जाहिरात शून्य. वैशाख संपत आला, वळवाची एखादी सर झाली की एरिडीस, गुलाबी तुऱ्यांचे. आणि मग मे संपता संपता ती, जिच्यासाठी गाड्या घाटात थांबतात. सीतेची वेणी. ऱ्हिंकोस्टायलिस रेट्यूसा हे नाव उच्चारताना जीभ अडखळते, पण फूल बघताना डोळा अडखळत नाही. वीत-दीड वीत लांब तुरा, त्यावर शंभरेक फुलं दाटीवाटीनं, पांढऱ्यावर जांभळे-गुलाबी शिंतोडे, आणि सगळा तुरा फांदीवरून खाली लोंबणारा. काही भागांत हिलाच द्रौपदीची वेणी म्हणतात. दोघीही वनवासात गेलेल्या, त्यामुळे मी त्या वादात पडत नाही.

मागे एकदा ताम्हिणीच्या अलीकडे एका आंब्याखाली मी मान वर करून उभा होतो. रस्त्यानं करवंदांची पाटी घेऊन एक मामा चालले होते. शहरातला माणूस झाडाकडे बघत उभा आहे म्हणजे त्याचं काहीतरी हरवलंय, असं समजून ते थांबले.

‘काय बघताय सायेब?’

‘आमरी बघतोय मामा. ती काय.’

मामांनी पाटी खाली ठेवून वर बघितलं. ‘त्ये होय? बांडगूळ हाय त्ये. आंब्याचा जीव घेतंय.’

आता बांडगूळ निराळं. ते फांदीत मूळ घुसवून झाडाचा रस पितं. आमरी झाडाकडून बसायला जागा घेते, बाकी काही नाही. हे मी मामांना शक्य तेवढ्या मराठीत सांगितलं. जेवण तिचं तिचं, पाणी वरून, आंब्याच्या खिशाला हात नाही.

मामांनी क्षणभर विचार केला. ‘म्हंजी भाडं न देणारा भाडेकरू.’

‘हो, पण भांडत नाही, भिंतीला भोकं पाडत नाही.’

‘आनि खाली करायलाबी तयार न्हाई,’ मामा म्हणाले. ‘आमच्या पौडच्या खोलीत बी आसाच एक हाय.’ मग द्रोणात करवंदं भरून माझ्या हातात देत म्हणाले, ‘ऱ्हाऊ द्या. झाडाचं झाड बघंल.’ कोर्टात इतका सरळ निकाल लागायला वीस वर्षं गेली असती.

या निरुपयोगी फुलांमागे वेडे झालेले लोक आपल्याकडेही कमी नव्हते. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे, म्हणजे आजच्या सीओईपीचे, प्राचार्य थिओडोर कुक हे एंजिनिअरांना घडवणारे गृहस्थ; त्यांनी मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा असा ग्रंथ लिहिला की १९०१ ते १९०८ ही वर्षं त्याच्या छपाईतच गेली आणि अजूनही वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी तो उघडल्याशिवाय पुढे जात नाही. सेंट झेवियर्सचे फादर सान्तापाव स्पेनहून आले, सह्याद्रीत रमले आणि झरीर कापडियांबरोबर त्यांनी इकडच्या आमरींवर आख्खं पुस्तक केलं. ते १९६६ साली निघालं. पूल बांधायला शिकवणारा एक आणि धर्मोपदेशक दुसरा. पहिल्याच्या पगारात तरी फुलं मोजणं बसत नव्हतं.

डार्विनचं तर काय सांगावं. जगाला हादरवणारं पुस्तक लिहून झाल्यावर तीन वर्षांत, १८६२ साली, त्यानं पुढचं पुस्तक काढलं ते आमरीच्या परागीभवनावर. मादागास्करहून त्याच्याकडे एक पांढरं ऑर्किड आलं होतं. त्याची मधाची नळी जवळजवळ फूटभर लांब आणि मध अगदी तळाशी. डार्विन म्हणाला, तिकडे फूटभर सोंडेचा पतंग असणार. लोक हसले. डार्विन १८८२ मध्ये वारला. तसा पतंग १९०३ मध्ये नोंदवला गेला. फुलाकडे नीट बघून न पाहिलेल्या पाहुण्याचं वर्णन सांगायचं, हे माझ्या मते ज्योतिषापेक्षा वरच्या दर्जाचं काम आहे आणि दक्षिणाही नाही.

आपल्या घाटातही अशी एक ठकसेन आहे, कोटोनिया. तिच्या फुलाचा मधला ओठ असा घडलेला की फांदीवर मधमाशी बसल्यासारखी वाटावी. मला ती पहिल्यांदा दाखवली तेव्हा मी हात मागे घेतला होता.

एक आमरी मात्र निदान नावानं आपल्या घराघरांत आहे आणि तिला कुणी ओळखत नाही. व्हॅनिला. आइस्क्रीममधलं, कस्टर्डमधलं. ही आमरीची वेल, मूळची मेक्सिकोकडची. रीयुनियन बेटावर ती वाढायची पण शेंग धरत नसे, कारण मेक्सिकोतला किडा तिथे नव्हता. १८४१ साली एडमंड अल्बियस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम पोरानं काडीनं आणि अंगठ्यानं परागकण योग्य जागी लावायची युक्ती शोधली, आणि आजही जगभरच्या मळ्यांत व्हॅनिलाचं जवळजवळ फूल न्‌ फूल तसंच, हातानं फळवतात. हे मी आत्याला सांगितलं. ती म्हणाली, ‘म्हणजे उपयोग आहे की! मग तेवढीच का लावत नाहीत सगळे?’

तर आत्याला मुळशीला न्यायचंच, असं मी ठरवलं. आमरी बघायला चल म्हटलं असतं तर तिचे गुडघे लगेच दुखले असते. मी म्हटलं, ‘ताम्हिणीला विंझाई देवीच्या दर्शनाला जाऊ.’ ती दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पिशवी भरून तयार. पिशवीत हळदीकुंकू, नारळ, खण आणि अर्थातच फुलं. कुणाच्या कुंपणातली ते मी विचारलं नाही.

मुळशीत, मावळात, वेल्ह्याकडे जुन्या देवस्थानांभोवती देवराया आहेत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात पश्चिम घाटातल्या या राया हिंडून अभ्यासल्या आणि १९७६ साली जगापुढे मांडल्या. तोवर शहरातल्या विद्वानांना हे ‘अंधश्रद्धेचं रान’ वाटत होतं. नियम साधा. देवाच्या रानातली काडी घरी न्यायची नाही. पडलेली फांदीसुद्धा तिथेच कुजू द्यायची. मोडलात तर देव बघून घेईल. वनखात्याच्या पाटीपेक्षा हा धाक जुना. २०१३ साली ताम्हिणीचं सुमारे ५० चौरस किलोमीटर रान अभयारण्य म्हणून जाहीर झालं. त्याच्या कितीतरी शतकं आधी देवीनं आपल्यापुरतं ते केलेलं होतं.

मला यातलं फार आवडतं ते हे, की शहरात आपण फूल तोडून देवाकडे नेतो आणि इथे देवच फुलाशेजारी जाऊन बसलेला आहे. न्यायचं कुठे? पोचवलेलंच आहे.

दर्शन झालं. बाहेर आलो. थोडं पुढे एका जुन्या आंब्याच्या आडव्या फांदीवर सीतेच्या वेण्या लोंबत होत्या, पाच-सहा तुरे, खालून वर उन्हाकडे बघितलं की शिंतोडे चमकावेत अशा. मी काही बोललो नाही. आत्यानं चष्मा पुसला, कपाळावर आडवा हात धरला आणि बराच वेळ बघितलं.

‘कुणी लावली?’

‘कुणी नाही. आपली आपण.’

‘पाणी कोण घालतं?’

‘पाऊस.’

‘आणि मालक कोण?’

मी मुळशीत उभा होतो, त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर देण्यापूर्वी आजूबाजूला बघून घेतलं. ‘कुणी नाही.’

मग मी तिला आसामचं सांगितलं. तिकडे हेच फूल, कपौ फूल म्हणतात. त्यांचं ते राज्यफूल आहे. बोहाग बिहूला, म्हणजे आपल्या चैत्रात, मुली ते अंबाड्यात माळून नाचतात. आत्या एकदम ताठ झाली. एम्प्रेस गार्डनपासूनचा हिशेब तिच्या मनात होता. ‘बघ! माळतात की! आणि मला सांगत होतास जड होईल म्हणून.’

‘ते दुसरं होतं, आत्या.’

‘तेच ते.’ तिनं पुन्हा वर बघितलं. फांदी पंधरा फुटांवर तरी होती. ‘हात पोचत नाही तेच बरं. नाहीतर मी सोडली नसती.’

त्या उन्हाळ्यात तिच्या तोंडून निघालेलं हे सगळ्यात खरं वाक्य असेल. आमरीनं जमीन का सोडली याची शास्त्रीय कारणं बरीच आहेत, उजेड, वारा, किड्यांची ये-जा. त्यात आत्या आणि आकड्याची काठी ही दोन कारणं घालायला माझी हरकत नाही.

हात मात्र हल्ली वर पोचू लागले आहेत. घाटांच्या रस्त्यांवर कधी कधी सालीसकट ओरबाडलेल्या आमऱ्या विकायला ठेवलेल्या दिसतात. घेणारा कोथरूडच्या बाल्कनीत नारळाच्या करवंटीत टांगतो, रोज फवारा मारतो, यूट्यूब बघतो. एक उन्हाळा काढते, दुसरा नाही. दोष त्याच्या प्रेमात नसतो. ती साल, ते धुकं, ती बुरशी, तो विशिष्ट किडा हे सगळं करवंटीत मावत नाही. फॅलेनॉप्सिस बाटलीत जन्मलेलं असतं, त्याला फ्लॅट चालतो. रानातलीला नाही चालत. ज्यांना घरात ऑर्किड हवं त्यांनी प्रदर्शनातलं आठशेचं घ्यावं. ते स्वस्त आहे.

तर सांगायचं एवढंच. मे अखेरीला, फार तर जूनच्या पहिल्या आठवड्यात, ताम्हिणीला जा. आठवडी सुट्टी टाळा, गाणी बंद ठेवा, दुर्बीण असली तर घ्या, आणि मान दुखेपर्यंत वर बघा.  आणि परतताना रस्त्यावर वादळानं मोडलेली एखादी फांदी आमरीसकट पडलेली दिसली, तर ती डिकीत टाकू नका. अभयारण्यातून काही उचलून नेणं गुन्हा आहे आणि ती घरी जगतही नाही. पण तिथेच पडू दिली तर गुरं तुडवतील, गाड्यांखाली जाईल. म्हणून तिला जवळच्याच आंब्याच्या नाहीतर जांभळाच्या खडबडीत खोडाला, सावलीच्या बाजूनं, मुळं सालीला टेकतील अशी बांधा. सुतळी तागाची घ्या, नायलॉनची नको. तागाची दोन पावसाळ्यांत कुजून गळून पडते आणि तोवर मुळांनी साल धरलेली असते.